एमएस असताना व्यायाम: आजचा डोस उद्या सकाळी मोजा

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे आपण सगळे ज्याला एमएस म्हणतो, तो मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण झिजवणारा आजार झालेल्या माणसाच्या घरी मी गेले की बहुतेक वेळा दोनपैकी एक चित्र दिसतं. एका घरात ‘तू पडून राहा, उगाच जोर लावू नकोस’ म्हणत त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. दुसऱ्या घरात ‘इच्छाशक्ती ठेव, रोज एक फेरी वाढव’ म्हणून सगळे मागे लागलेले असतात. माया दोन्हीकडे खरी असते. पण सहा महिन्यांनी दोन्हीकडचा माणूस आधीपेक्षा कमी चालत असतो.

मेंदू-मज्जारज्जूच्या आजारांच्या रुग्णांना घरी जाऊन व्यायाम शिकवणं हे माझं काम. एमएसच्या बाबतीत चुका त्याच आणि त्याच क्रमाने होताना बघते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. रुग्णाने वाचावं आणि घरातल्या एकाने तरी सोबत बसून वाचावं.

आधी एक भीती बाजूला ठेवू. नीट बेताने केलेल्या व्यायामाने एमएसचा अटॅक, म्हणजे नवं लक्षण येणं किंवा जुनं बळावणं, येत नाही आणि आजार वाढत नाही. नसांवरचं झिजलेलं आवरण मात्र व्यायामाने परत येतं, असा भरवसा कुणी देऊ नये. मग व्यायाम करायचा कशासाठी? एमएसच्या थकव्यात दोन थर असतात. एक नसांचा: मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत अडखळत पोचतो. दुसरा न वापरल्याचा: पडून राहिल्याने मांड्या वाळतात, दम कमी होतो, सांधे आखडतात. हा दुसरा थर आपल्या हातातला आहे, आणि बऱ्याच घरांत तोच पहिल्यापेक्षा जाड झालेला असतो.

पुढचं सगळं एका नियमावर उभं आहे. एमएसमध्ये व्यायाम झेपला की नाही हे तो संपताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं.

टप्पा १: न्यूरॉलॉजिस्टला विचारायचे चार प्रश्न

‘व्यायाम करू का?’ एवढंच विचारलं तर ‘हो, करा’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या.

१. माझा आजार सध्या शांत आहे का? गेल्या काही आठवड्यांत अटॅक येऊन गेला असेल तर सुरुवात वेगळी करावी लागते. ती टप्पा ७ मध्ये सांगितली आहे.

२. माझ्या गोळ्यांपैकी कशाने घाम कमी होतो का? लघवीच्या घाईसाठी दिलेलं ऑक्सिब्युटिनिन किंवा मुंग्या-दुखण्यासाठी दिलेलं अ‍ॅमिट्रिप्टिलिन घाम कमी करू शकतं. घाम कमी म्हणजे अंग लवकर तापणार. हे आधी माहीत असलेलं बरं.

३. माझ्या नाडीच्या ठोक्यांवर भरवसा ठेवू का? फिंगोलिमोडसारख्या गोळीने किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी संथ राहते. एमएसमुळेही काहींची नाडी व्यायामाला नेहमीसारखी साथ देत नाही. अशा वेळी मनगटावरच्या घड्याळातला आकडा फसवतो.

४. स्नायूंच्या कडकपणाची गोळी कधी घेऊ? बॅक्लोफेन किंवा टिझानिडीन चालू असेल तर गोळी आणि व्यायाम यांच्या वेळा जुळवाव्या लागतात. काहींचे पाय गोळीनंतर सैल होऊन छान हलतात. काहींचे पाय मात्र त्या कडकपणाच्याच जोरावर उभे असतात आणि गोळी चढली की गुडघे दुमडतात. तुम्ही कोणत्या गटात आहात ते तुमच्या फिजिओथेरपिस्टने तुम्हाला उभं करून बघायला हवं.

अटॅकसाठी स्टेरॉइडचे कोर्स अनेकदा झाले असतील तर हाडांच्या ठिसूळपणाबद्दलही विचारा. हाडं ठिसूळ असतील तर एक साधी पडझड वर्षभराची मेहनत घालवते.

*पुढे जाण्याआधी तपासा:* गोळ्यांची यादी, शेवटच्या अटॅकची तारीख आणि डॉक्टरांची उत्तरं एकाच वहीत आहेत ना? पुढच्या सगळ्या नोंदी याच वहीत करायच्या आहेत.

टप्पा २: पहिला आठवडा व्यायाम नाही, नुसती नोंद

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. उत्साहाच्या भरात सोमवारी सुरू, गुरुवारी आडवे. ‘आधी किती होत होतं?’ असं विचारलं की कुणालाच सांगता येत नाही. मग सुधारणा झाली तरी दिसत नाही आणि घसरण झाली तरी उशिरा कळते.

सात दिवस रोज तीनदा, म्हणजे उठल्यावर, दुपारी जेवणाआधी आणि संध्याकाळी, थकव्याला शून्य ते दहापैकी आकडा द्या. शून्य म्हणजे ताजेतवाने, दहा म्हणजे बोलायचीही ताकद नाही. शेजारी झोप किती झाली आणि उकाडा होता का, एवढं लिहा. आठवड्याअखेर तुमच्या दिवसाचा नकाशा दिसेल. बहुतेकांची सकाळ बरी आणि दुपारी तीननंतरची वेळ जड असते, पण तुमचं उलटंही असू शकेल.

याच आठवड्यात एकदा, सोबत कुणीतरी असताना, तीन मोजमापं घ्या.

खुर्चीतून पाच वेळा उठबस: भिंतीला टेकवलेली, हात नसलेली, साधारण ४५ सेंटिमीटर उंचीची लाकडी खुर्ची घ्या. हात छातीवर. किती सेकंद लागले ते लिहा. हाताच्या आधाराशिवाय जमत नसेल तर आधार घ्या आणि तसं लिहा.

ठरलेलं अंतर चालणं: दवाखान्यात ७.६२ मीटर, म्हणजे २५ फूट चालायला लावून वेळ मोजतात. घरात एवढी सरळ जागा नसेल तर इमारतीच्या व्हरांड्यात फरशीवर दोन चिकटपट्ट्या लावा. काठी वापरत असाल तर काठीनेच चाला. या चाचणीत साधारण २० टक्क्यांचा फरक खरा धरतात, त्यापेक्षा कमी फरक रोजच्या चढउतारात मोडतो. कालच्यापेक्षा अर्धा सेकंद जास्त लागला म्हणून धसका घेऊ नका.

तोल: स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभे राहा, हात ओट्यापासून दोन बोटं वर. पावलं जुळवून डोळे उघडे ठेवून किती सेकंद उभं राहता येतं ते बघा. ३० सेकंदांना थांबा.

*सावधान:* डोळे मिटून तोल बघायचा प्रयोग एकट्याने करू नका. तळपायाची जाणीव कमी झालेला माणूस नजरेच्या आधाराने उभा असतो. डोळे मिटले की तो सरळ खाली येतो.

टप्पा ३: अंग थंड ठेवायची तयारी

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. आपल्याकडच्या हवेत एमएसचा व्यायाम बहुतेक वेळा इथेच फसतो.

आवरण झिजलेल्या नसेतून जाणारा निरोप उष्णतेने आणखी अडखळतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने चढलं तरी काहींना धूसर दिसायला लागतं, पाय जड होतात, जीभ अडखळते. याला उथॉफ परिणाम म्हणतात. तो तात्पुरता असतो. अंग थंड झालं की लक्षणं ओसरतात, नसांना नवी इजा झालेली नसते. पण हे माहीत नसलेल्या घरात त्या अर्ध्या तासात आकांत होतो.

ठाण्यातल्या एका घरातली गोष्ट सांगते. एप्रिल महिना. ताईंचं वय चाळिशीच्या आसपास, नोकरी करणाऱ्या, घरच्यांचा पाठिंबा भरपूर. सकाळी अंग मोकळं व्हावं म्हणून त्या गिझरच्या कढत पाण्याने आंघोळ करायच्या आणि लगेच दार-खिडक्या लावलेल्या खोलीत बारा सूर्यनमस्कार घालायच्या. चौथ्या दिवशी आठव्या नमस्काराला डावा पाय मागे जाईना, समोरचं कॅलेंडर पुसट दिसायला लागलं. घरच्यांनी अटॅक समजून गाडी बोलावली. दवाखान्यात पोचेपर्यंत गाडीतल्या एसीने अंग निवलं आणि पाय हलायला लागला. त्यानंतर दोन महिने त्यांनी व्यायामाचं नाव काढलं नाही. चूक फक्त क्रमाची होती. आम्ही आंघोळ व्यायामानंतर नेली, तीही कोमट पाण्याने. सूर्यनमस्कारांच्या जागी उभ्याने आणि बसून करायचे सुटे व्यायाम दिले, पंखा समोर आणला. पाय तेच, घर तेच. दीड महिन्यात त्या २० मिनिटांचा व्यायाम करून नऊची गाडी पकडत होत्या.

तर तयारी अशी:

१. वेळ: शरीराचं तापमान पहाटे सर्वांत कमी आणि संध्याकाळकडे जास्त असतं. तुमच्या वहीतही सकाळच बरी दिसत असेल तर सकाळची वेळ धरा.

२. हवा: विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम काम करतो. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत मात्र तो खोलीतला ओलावा वाढवतो आणि घाम वाळत नाही. तिथे पंखा थेट अंगावर घ्या, उघडी खिडकी किंवा एसी बघा. एसी असेल तर व्यायामाआधी १५ मिनिटं लावा.

३. पाणी: व्यायामाआधी आणि मधे थंडगार पाणी घोट घोट प्यायल्याने एमएसमध्ये जास्त वेळ टिकाव धरता येतो. माठातलं चालेल, फ्रीजमधलं आणखी बरं.

४. गळ्याभोवती ओला पंचा: पातळ सुती पंचा गार पाण्यात बुडवून पिळून मानेवर ठेवा, गरम झाला की पुन्हा बुडवा. बर्फाची पिशवी वापरायची तर कापडात गुंडाळून, आणि जिथे स्पर्श नीट कळतो अशाच जागी.

५. पोहणं: पाणी २७ ते २९ अंश सेल्सिअस असेल तर फार चांगलं. गरम पाण्याचा थेरपी पूल बहुतेकांना सोसत नाही.

*सावधान:* बधिर पायावर गरम पाण्याची पिशवी किंवा शेकायची पॅड ठेवून ‘अंग सैल करणं’ बंद करा. चटका कळत नाही आणि फोड आलेला दुसऱ्या दिवशी दिसतो.

लघवीच्या भीतीने पाणी तोडणं ही चूक बायकांकडून विशेष होते. बाहेर चालायला जायचं आणि वाटेत सोय नाही, म्हणून सकाळपासून घसा कोरडा ठेवायचा. त्याने अंग जास्त तापतं आणि लघवीचा संसर्ग व्हायची शक्यता वाढते. संसर्गाने एमएसची जुनी लक्षणं उसळून येतात. पाणी प्या, व्यायामाआधी लघवीला जाऊन या आणि फेऱ्या घराजवळच मारा.

टप्पा ४: जागा आणि पायातलं

हे थोडक्यात. प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागे सरकते, तिचा आधार घेऊ नका. ओटा, खिडकीचे पक्के गज किंवा भिंतीला टेकवलेला जड पलंग चालतो. पायपुसणी आणि चटईचे उलटलेले कोपरे आधी उचला. स्लीपर नकोत, मागून बंद आणि रबरी तळव्याचे बूट घाला, घरातसुद्धा. पाऊल लोंबत असेल तर घोळदार गाऊन, लांब ओढणी आणि साडीच्या निऱ्या चवड्यात अडकतात. व्यायामापुरती तरी घोट्याच्या वर राहणारी सलवार किंवा पँट घाला. पाऊल उचलून धरणारा पट्टा दिलेला असेल तर तो लावूनच चाला. ‘पट्ट्याशिवाय चाललं तर पाय मजबूत होईल’ हा समज चुकीचा आहे. त्याने चाल बिघडते आणि माणूस पडतो.

*पुढे जाण्याआधी तपासा:* हात लांबवला की पक्का आधार लागतो का? फोन खिशात आहे का? घरात कुणाला तरी माहीत आहे का?

टप्पा ५: एका बैठकीचा क्रम

आपल्याकडे आधी चालायला जातात आणि आल्यावर उरलेल्या जोरात बाकीचं करतात. एमएसमध्ये हा क्रम उलटा लावा. ज्याला मेंदूचं लक्ष जास्त लागतं ते आधी, ज्यात अंग तापतं ते शेवटाकडे.

१. सैल करणं, ५ मिनिटं. बसूनच घोटे, गुडघे, खांदे फिरवा. मान खाली वाकवल्यावर पाठीतून वीज गेल्यासारखं होत असेल तर मानेचे व्यायाम गाळा आणि डॉक्टरांना सांगा. पोटरी किंवा मांडीची मागची बाजू आखडलेली असेल तर पायाला ओढणी किंवा पट्टा अडकवून हळू ताण द्या आणि ३० ते ६० सेकंद धरून ठेवा. हिसके देऊ नका. हिसक्याने कडक स्नायू आणखी आवळतो.

२. तोल, ५ मिनिटं. ओट्याशी उभे राहून वजन डाव्या-उजव्या पायावर घ्या. मग एक पाऊल पुढे-मागे. मग पावलं जुळवून मान हळूहळू डावीकडे-उजवीकडे वळवा. तोल गेल्यासारखा वाटला पाहिजे, पण जायला नको.

३. ताकद, आठवड्यातून दोन दिवस, मधे निदान एक दिवस सुट्टी. खुर्चीतून उठबस, ओट्याशी उभ्याने पाय बाजूला आणि मागे नेणं, टाचा उचलणं, बसून गुडघा सरळ करणं, रबरी पट्टा ओढणं. प्रत्येकी १० ते १५ वेळा, सुरुवातीला एकच फेरी. दोन व्यायामांच्या मधे २ मिनिटं बसा. ही विश्रांती नसांना निरोप पोचवायला मिळालेली उसंत आहे, ती गाळू नका. शेवटच्या दोन वेळा जड जाव्यात, पण आकार बिघडू नये. कंबर वाकडी व्हायला लागली, गुडघा मागे झटकला, की आकडा पूर्ण व्हायची वाट न बघता थांबा.

४. दम वाढवणं, आठवड्यातून दोन दिवस, शक्यतो ताकदीचे दिवस सोडून. चालणं, जागच्या जागी सायकल किंवा बसून हाताने फिरवायचं पेडल. जोर किती लावायचा? वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. दहापैकी पाच ते सहा. नाडीच्या आकड्यापेक्षा हे माप खरं.

इथे एक युक्ती, जी मी सगळ्यांना पहिल्याच दिवशी देते: सलग चालू नका, तुकड्यांत चाला. २ मिनिटं चाला, २ मिनिटं बसा, पुन्हा २ मिनिटं. सहा मिनिटं सलग चालण्यापेक्षा असे तीन तुकडे केले तर एमएसमध्ये थकवा कमी येतो आणि एकूण अंतर बहुधा जास्त पडतं. दर वीस पावलांवर बाक असलेली सोसायटीची बाग यासाठी सोन्यासारखी. टेकडी नको, कारण वर पोचल्यावर पाय संपले तरी उतरायचं बाकीच असतं.

५. निवणं, ५ मिनिटं. पंख्याखाली बसा, पाणी प्या, पोटरीचा ताण पुन्हा एकदा द्या.

*सावधान, लगेच थांबा:* दिसणं धूसर झालं, पाऊल जमिनीला घासायला लागलं, बोलणं जड झालं, चक्कर आली. बसा, अंग थंड करा. पाऊल घासायला लागणं ही पहिली घंटा असते, आणि ती घरच्यांना आवाजावरून आधी ऐकू येते. त्यांना सांगून ठेवा. छातीत दुखलं, किंवा धूसर दिसणं, अडखळणारं बोलणं, गेलेला जोर हे अंग निवल्यावरही तसंच राहिलं, तर वाट न बघता डॉक्टरांना गाठा.

योगासनं चालतात का, हे मला दर आठवड्याला विचारलं जातं. चालतात, आणि थकव्याला चांगला उतारही मिळतो. पण बसून, झोपून, खुर्चीच्या आधाराने. शीर्षासन नको, तापलेल्या खोलीतला योग नको, भराभर उठबस नको. मालिश हा व्यायाम नाही. बरं वाटत असेल तर करा, पण वहीत व्यायामाच्या रकान्यात लिहू नका.

टप्पा ६: दुसऱ्या दिवशीची सकाळ आणि वाढ

आता सुरुवातीचा नियम. व्यायामानंतर पाय जड होणं, थरथरणं नेहमीचं आहे. ते तासा-दोन तासांत ओसरायला हवं. दुसऱ्या दिवशी उठल्यावर थकव्याचा आकडा लिहा आणि टप्पा २ मधल्या तुमच्या सरासरी सकाळशी ताडून बघा.

आकडा तेवढाच किंवा कमी असेल तर डोस बरोबर. एक-दोनने जास्त असेल तर पुढच्या वेळी तेवढंच करा, वाढवू नका. तीन किंवा त्याहून जास्त असेल, किंवा घरातली नेहमीची कामं सोडावी लागली, तर पुढच्या वेळी निम्मं करा. हे आकडे मी माझ्या कामात ठरवले आहेत, तुमचा फिजिओथेरपिस्ट त्यात बदल करेल. पण सकाळी मोजायची सवय मोडू देऊ नका.

सलग दोन आठवडे सकाळचा आकडा स्थिर राहिला तरच वाढ करा. आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवा: एक तर मिनिटं, नाही तर वजन, नाही तर दिवस. मी नवी होते तेव्हा एका दादांची प्रगती बघून एकाच आठवड्यात त्यांचा चालण्याचा वेळही वाढवला आणि वेगही. ते हसतमुख, ‘मॅडम, आज मस्त वाटलं’ म्हणून गेले. पुढचे तीन दिवस त्यांना बिछान्यातून उठवेना, ऑफिसची रजा गेली. शिवाय नक्की कशाने बिघडलं, वेळेने की वेगाने, हे आम्हा दोघांनाही कळेना. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक रुग्णाच्या वहीत ‘या आठवड्यात काय वाढवलं’ असा एकच रकाना असतो, त्यात एकच शब्द मावतो.

चांगला दिवस हा सगळ्यात धोक्याचा दिवस. बरं वाटतंय म्हणून मागचं साचलेलं सगळं काम, बाजार, व्यायाम एकाच दिवशी उरकलं की पुढचे चार दिवस जातात. चांगल्या दिवशीही वहीत लिहिलंय तेवढंच. वाईट दिवशी निम्मं, पण अगदी शून्य नको: बिछान्यातल्या बिछान्यात घोटे हलवणंसुद्धा लिहा.

पोचायचं कुठे? सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांसाठी कॅनडातल्या तज्ज्ञांनी २०१३ मध्ये दिलेलं माप सोपं आहे: आठवड्यातून दोनदा ३० मिनिटं मध्यम जोराचा दम लागणारा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा. अमेरिकेतल्या नॅशनल एमएस सोसायटीने २०२० मध्ये आठवड्याला १५० मिनिटांच्या हालचालीचं उद्दिष्ट सांगितलं, तेही प्रत्येकाच्या कुवतीप्रमाणे हळूहळू गाठायचं. ३० मिनिटं एका दमात करायची सक्ती नाही, दहा-दहाचे तीन तुकडे चालतात. झाडांना पाणी घालणं, भाजी निवडताना पायाखाली पेडल फिरवणं हेही हालचालीत धरा.

टप्पा ७: अटॅक, ताप आणि स्टेरॉइड

नवं लक्षण आलं, किंवा जुनं बळावलं, आणि ताप किंवा संसर्ग नसताना ते २४ तासांपेक्षा जास्त टिकलं, तर तो अटॅक समजून न्यूरॉलॉजिस्टला कळवा. ताप, लघवीची जळजळ, खोकला असेल तर आधी त्यावर उपचार. तापात व्यायाम नाही. अंग आधीच तापलेलं असतं.

स्टेरॉइडच्या सलाइनचे तीन-पाच दिवस फक्त सांधे हलवणं आणि दीर्घ श्वास. त्या दिवसांत झोप उडते आणि खोटा हुरूप येतो. त्या हुरुपावर जाऊन कुणी फेऱ्या मारू नयेत. साखर वाढू शकते, मधुमेह्यांनी जास्त लक्ष द्यावं.

मग डॉक्टरांनी ‘आता सुरू करा’ म्हटलं की पहिली चूक ठरलेली: जिथे सोडलं तिथून सुरू करणं. तसं करू नका. टप्पा २ मधली तीन मोजमापं पुन्हा घ्या आणि नव्या आकड्यावरून, आधीच्या निम्म्यापेक्षाही कमी डोसने सुरू करा. वही मागे गेलेली बघून वाईट वाटतं, मी ते चेहरे पाहिले आहेत. तरी नवीन पान उघडा, तारीख घाला.

चाकाच्या खुर्चीत असाल तर

‘आता काय व्यायाम’ असं म्हणून इथे सगळेच हात टेकतात, फिजिओथेरपिस्टसुद्धा, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. इथेच शरीराला हालचालीची सर्वांत जास्त गरज असते. क्रम असा ठेवा.

आधी बसणं: खुर्चीत पाठ टेकवून, मग पाठ सोडून दहा-दहा सेकंद ताठ. मग हात: पेडल, रबरी पट्टा, पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली. मग श्वास: दीर्घ श्वास घेऊन ओठ चिमटून सावकाश सोडणं, दहा वेळा. पाय स्वतः हलत नसतील तर घरच्यांनी रोज प्रत्येक सांधा पूर्ण फिरवावा, सावकाश. पाय एकदम उचलला की झटके येतात. तळवा धरून हळूच दाब दिला की बहुतेकदा शांत होतात. उभं राहायच्या फ्रेमची सोय असेल तर ती कशी आणि किती वेळ वापरायची ते फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या.

*सावधान:* दर १५ ते ३० मिनिटांनी बूड उचला किंवा पुढे-बाजूला झुकून वजन हलवा. रोज रात्री माकडहाड, टाचा आणि कुल्ल्यांची त्वचा कुणाला तरी बघायला सांगा. दाबून सोडल्यावरही लाल राहणारा डाग दिसला तर त्या जागेवरचा भार आधी काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

गटाने व्यायाम करायचा असेल किंवा एमएसची माहिती असलेला फिजिओथेरपिस्ट शोधायचा असेल तर मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाकडे चौकशी करा. तिच्या मुंबई आणि पुण्यात शाखा आहेत.

बारा आठवड्यांनी

तीच खुर्ची, तोच व्हरांडा, त्याच चिकटपट्ट्या, तोच दिवसाचा प्रहर. तीन मोजमापं पुन्हा घ्या. जानेवारीत सुरू केलं आणि एप्रिलमध्ये मोजलं तर उकाड्याने आकडा खराब येईल, म्हणून त्या दिवशीची हवाही शेजारी लिहा. मोजायच्या आदल्या दिवशी व्यायाम नको आणि लग्नकार्यही नको.

आकडे तेच राहिले तर? बारा आठवडे न घसरणं हे एमएसमध्ये कमावलेलं असतं. घरच्यांनी ते मोठ्याने बोलून दाखवावं. बिघडले असतील तर वही घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा. ‘मला बरं वाटत नाही’ यापेक्षा ‘उठबशीला १४ सेकंद लागायचे, आता १९ लागतात’ हे वाक्य त्यांना जास्त सांगून जातं. सुधारले असतील तर पुढच्या बारा आठवड्यांसाठी वाढवायची एक गोष्ट निवडा आणि त्या रकान्यात लिहा.